पाच मिनिटे आणि एक घंटा

एमबीबीएसच्या प्रात्यक्षिक परीक्षेत नशिबाचा वाटा पूर्वीपासूनच मोठा. एका विद्यार्थ्याच्या वाट्याला ‘लाँग केस’ म्हणून, म्हणजे सविस्तर तपासण्यासाठी, बोलका, मुरलेला रुग्ण येई. इतक्या जणांनी तपासलेला की स्वतःचे निदान त्याला तोंडपाठ. दुसऱ्याला मिळे धड उत्तर न देणारा वृद्ध. बहुतेक वेळा हिस्टरी घेताना किंवा पोट तपासताना परीक्षक समोर नसेच; तो नंतर येऊन निष्कर्ष ऐके आणि व्हायवा घेई.

यावर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी ‘ऑस्की’ ही पद्धत मांडली. परीक्षेचे अनेक थांबे केले जातात, प्रत्येकावर ठरावीक मिनिटे मिळतात आणि घंटा वाजली की पुढे सरकायचे. कुठे रक्तदाब मोजायचा, कुठे एक्स-रे वाचायचा. सर्वांना तेच थांबे आणि गुण देण्यासाठी तीच यादी. प्रयोगशाळेसाठी याच धर्तीवर ‘ऑस्पी’ आली.

फरक कळतो तो साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन काढताना. पूर्वी गुण मुख्यतः शेवटच्या आकड्याला मिळत आणि ‘साडेबारा ग्रॅम’ हा आकडा अंदाजानेही लिहिता येई. ऑस्पीत परीक्षक हात पाहतो: नळीत आम्ल आधी घेतले का, बोट टोचल्यावर पहिला थेंब पुसला का, रक्त २० मायक्रोलिटरच्या खुणेपर्यंत बुडबुडा न येता ओढले का, पिपेटचे टोक बाहेरून पुसले का. न पुसलेल्या टोकाचे जादा रक्त नळीत गेले की आकडा फुगतो, म्हणून या क्षुल्लक वाटणाऱ्या कृतीलाही गुण.

पण यादीचेही दुष्परिणाम आहेत. ‘तुमचे पोट तपासू का?’ हे वाक्य रुग्णासाठी कमी आणि अर्ध्या गुणासाठी जास्त उच्चारले जाते. शिवाय रुग्णाचे तुकडे पडतात: एका थांब्यावर छाती, दुसऱ्यावर लघवीचा रिपोर्ट. धाप, सूज आणि रिपोर्ट यांची सांगड घालण्याची कसोटी लाँग केसच घेते. दोनशेच्या तुकडीसाठी परीक्षक आणि खोल्या जमवणे हे वेगळेच दिव्य.

वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये क्षमतेच्या चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. ऑस्की तिसऱ्या पायरीवर थांबते. चौथीसाठी वॉर्डातच पाहावे लागते. भारतात २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने केलेल्या कौशल्यांची नोंद लॉगबुकमध्ये होते आणि त्याखाली शिक्षकाची सही लागते. ती सही करताना शिक्षक खरोखर शेजारी उभा होता का, हे मात्र लॉगबुकावरून कळत नाही.