मेंदूचे वय आणि देवळालीचा ६१७४
खेळातले गणित : लेखांक ५

‘ब्रेन एज’ हा निन्टेन्डो डीएस या हातात मावणाऱ्या यंत्रावर खेळायचा कोड्यांचा व्हिडिओ गेम मे २००५ मध्ये जपानात विक्रीला आला. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत आणि युरोपात पोचला. युरोपात त्याचे नाव ‘डॉ. कावाशिमाज ब्रेन ट्रेनिंग’ असे होते. जगभरात त्याच्या सुमारे एक कोटी नव्वद लाख प्रती खपल्या. तोवर व्हिडिओ गेम म्हणजे मुलांचा उद्योग मानला जाई. हा खेळ मात्र मुद्दाम प्रौढांसाठी बेतलेला होता.

खेळामागचे डॉक्टर म्हणजे जपानमधील तोहोकू विद्यापीठातील मेंदूचे अभ्यासक र्युता कावाशिमा. सोपी गणिते भराभर सोडवताना आणि मोठ्याने वाचताना मेंदूच्या पुढच्या भागातला रक्तप्रवाह वाढतो, असे त्यांना मेंदूच्या प्रतिमांमध्ये दिसले. त्यावर आधारित सरावाचे पुस्तक त्यांनी २००३ मध्ये काढले. ते जपानात गाजले आणि पुढे त्याच सरावाला निन्टेन्डोने खेळाचे रूप दिले.

डीएस यंत्राला दोन पडदे असतात. या खेळात ते पुस्तकासारखे उभे धरायचे. एका पडद्यावर प्रश्न येतो आणि दुसऱ्यावर छोट्या लेखणीने उत्तर लिहायचे. यंत्र ते हस्ताक्षर ओळखते. सरावाचे प्रकार साधे आहेत. वीस किंवा शंभर तोंडी गणिते घड्याळ लावून सोडवायची. घरात किती माणसे शिरली, किती बाहेर पडली हे पाहून आत किती उरली ते सांगायचे. तीस शब्द दोन मिनिटे पाहून, ते पडद्यावरून गेल्यावर आठवतील तितके लिहायचे. आणखी एका चाचणीत ‘लाल’ हा शब्द निळ्या रंगात छापलेला असतो आणि खेळाडूने शब्द न वाचता रंगाचे नाव उच्चारायचे असते. यंत्राचा मायक्रोफोन ते ऐकतो. शेवटी वेग आणि अचूकता पाहून ‘मेंदूचे वय’ जाहीर होते. वीस हे उत्तम, ऐंशी हे सर्वांत वाईट. जपानबाहेरच्या आवृत्तीत सुडोकूची कोडीही घातली होती.

मराठी वाचकाला यातला बराच भाग ओळखीचा वाटेल. दिवेलागणीला परवचा म्हणणारी, पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी तोंडपाठ असलेली पिढी हाच सराव यंत्राशिवाय करत होती. मोठ्याने म्हणणे, वेगाने म्हणणे आणि रोज म्हणणे ही तीन सूत्रे दोन्हीकडे सारखीच आहेत. खेळाने त्यांत घड्याळ, गुण आणि रोजच्या हजेरीचा शिक्का यांची भर घातली. सराव टिकवून धरण्याचे काम हीच भर करते.

अशा सरावाने बुद्धी वाढते का, हा कळीचा प्रश्न आहे. रक्तप्रवाह वाढला म्हणजे मेंदू काम करतो आहे, एवढेच सिद्ध होते. मेंदूची ताकद कायमची वाढली, असे त्यातून निघत नाही. २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचा सराव केला. ज्या कोड्यांचा सराव केला त्यांत त्यांची प्रगती झाली. इतर कामांत, अगदी जवळच्या कामांतही, फरक पडला नाही. वृद्धांच्या बाबतीत चित्र थोडे आशादायक आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३२ वृद्धांपैकी काहींना ‘ब्रेन एज’ आणि काहींना ‘टेट्रिस’ चार आठवडे खेळायला दिला. ‘ब्रेन एज’ खेळणाऱ्यांचा विचाराचा वेग आणि कामाचे नियोजन करण्याची क्षमता अधिक सुधारली. मात्र हा प्रयोग लहान होता आणि कावाशिमा स्वतः त्याच्या लेखकांपैकी एक होते, हे ध्यानात ठेवावे लागते. जाहिरातीतल्या दाव्यांवर कायद्याचीही नजर गेली: ‘लुमॉसिटी’ या मेंदू-सरावाच्या सेवेने फसवे दावे केल्याच्या आरोपावरून जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकी सरकारी आयोगाशी २० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

म्हणजे बेरजांचा सराव बेरजा पक्क्या करतो. त्यापलीकडे जायचे तर दिलेल्या गणिताचे उत्तर शोधता शोधता स्वतःला नवा प्रश्न पडावा लागतो. याचे उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्यातच आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नसताना अंकांशी खेळता खेळता त्यांनी जे शोधले, ते आज जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४९ चा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी, शून्येही मोजायची. ‘ब्रेन एज’चे वर्ष २००५ घेतले तर ५२०० वजा ००२५ म्हणजे ५१७५. पुढे क्रमाने ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि अखेर ६१७४. येथे गाडी थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च येते. कोणत्याही संख्येला यासाठी सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. तीन अंकी संख्यांसाठी हा मुक्काम ४९५ आहे.

असे का होते, तेही सोप्या गणिताने उलगडते. वजाबाकीचे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते: सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतला, आणि मधल्या दोन अंकांतला. पहिल्या फरकाला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली की उत्तर मिळते. म्हणून हजारो संख्यांमधून पहिल्याच पायरीला केवळ ५४ उत्तरे उरतात. ती एकेक करून तपासणे वहीच्या दोन-तीन पानांचे काम आहे.

कापरेकरांच्या कामाची दखल भारतात फारशी घेतली गेली नव्हती. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर गेले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

मेंदूला चालना देणारा खेळ निवडताना पालकांनी आणि शिक्षकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. खेळ रोज थोडा वेळ खेळावासा वाटतो का, आणि खेळणाऱ्याच्या मनात ‘असे का?’ हा प्रश्न उभा राहतो का? पहिली गोष्ट कावाशिमांच्या खेळाने उत्तम साधली; दुसरी कापरेकरांच्या कृतीत आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. मालेगावहून एसटीने नाशिकला निघालेल्या मुलाला मुंबई-आग्रा महामार्गावरच्या गाड्यांच्या पाट्या पुरतात. एमएच ४१ असो वा एमएच १५, पुढचे चार अंक घ्यावेत आणि ६१७४ किती पायऱ्यांत येतो ते मोजावे. शाळांनी आठवड्यातला एक तास अशा खेळाला द्यावा.