दुर्बिणीचे आरसे घरच्या घरी जुळवणे

एखाद्या शाळेत कपाटामागे कापडाखाली झाकून ठेवलेली दुर्बीण आढळते. का वापरीत नाही म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले : "आरसा बिघडलाय. शनीची कडी दिसत नाही, नुसता धुरकट ठिपका दिसतो." मग एक दिवस ती मोडीत जाते. वास्तविक बहुतेक वेळा आरसा बिघडलेला नसतोच. गाडीतल्या धक्क्यांनी त्याचे तोंड केसभर फिरलेले असते, इतकेच. ते जागेवर आणायला तास पुरतो, आणि कारागीर लागत नाही.

न्यूटनने १६६८ साली बनवलेल्या दुर्बिणीचीच ही जात. नळीच्या तळाशी अंतर्वक्र मुख्य आरसा. तोंडाशी ४५ अंशांत तिरका बसवलेला लहान सपाट आरसा. तळाच्या आरशाने गोळा केलेला प्रकाश लहान आरसा बाजूच्या नेत्रिकेकडे वळवतो. आता गोम अशी, की मुख्य आरसा स्वच्छ प्रतिमा देतो ती आपल्या अक्षाच्या आसपासच. अक्षापासून दूर गेले, की ताऱ्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. हा अक्ष नेत्रिकेच्या मधोमध आणणे म्हणजेच आरसे जुळवणे. आरशाचे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट असेल तर थोडे कमीजास्त खपते. ते चौपटच असेल, तर स्वच्छ प्रतिमेच्या वर्तुळाचा व्यास आठव्या हिश्शावर येतो. आखूड नळी न्यायला सोयीची खरी, पण लाडावलेल्या पोरासारखी सतत लक्ष मागते.

आपल्या जिल्ह्याला अशा दुर्बिणी नव्या नाहीत. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांची वेधशाळा होती; तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण १९१२ साली कोडाईकनालला गेली. आणि आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर 'आयुका'ची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. एवढ्या मोठ्या दुर्बिणीचे आरसेसुद्धा जुळवावेच लागतात!

बरे, साहित्य काय लागते? नेत्रिकेच्या नळीवर बसणारे प्लास्टिकचे झाकण घ्या. त्याच्या बरोबर मध्यावर दोन मिलिमीटरचे भोक पाडा आणि आतल्या बाजूस पांढरा कागद चिकटवा, भोक मात्र मोकळे ठेवा. मुख्य आरशाच्या केंद्रावर कागदाची लहानशी कडी चिकटलेली आहे ना, ते पाहा. नसेल तर आरसा बाहेर काढून, नीट मोजून, चिकटवावी. प्रतिमा खराब होईल ही भीती नको. तो मधला भाग लहान आरशाच्या सावलीतच असतो. चकाकत्या पृष्ठभागाला बोट मात्र लावू नये. मुलामा काचेच्या पुढच्या अंगाला असतो, पाठीमागे नव्हे.

काम दिवसाउजेडी करा, पण नळी सूर्याकडे चुकूनही वळवू नका. नळी आडवी ठेवावी. म्हणजे हातातला पाना निसटला तरी मुख्य आरशावर पडणार नाही.

प्रथम भोकातून लहान आरसा पाहा. तो गोल आणि मधोमध दिसला पाहिजे. नसेल तर पुढेमागे सरकवून, फिरवून तसा करा. मग त्याचे तीन लहान स्क्रू फिरवून, त्यात दिसणारी मुख्य आरशाची कागदी कडी दृष्टीच्या मध्यावर आणा. एक स्क्रू सैल केला की दुसरा आवळायचा, जोर नको. शेवटी मुख्य आरशामागचे तीन स्क्रू. त्यांच्या अटक-स्क्रूंना आधी ढिले करा. इथे दोघे हवेत : गुरुजींनी भोकाला डोळा लावावा, विद्यार्थ्याने मागे स्क्रू फिरवावा, एका वेळी पाव फेराच. झाकणाच्या पांढऱ्या प्रतिबिंबातला काळा ठिपका, म्हणजे आपलेच भोक, कागदी कडीत येऊन बसला, की झाले. आखूड दुर्बिणीत लहान आरशाची काळी छाया मुख्य आरशाच्या बाजूला जराशी सरकलेली दिसते. ते तसेच असते, तिच्या मागे लागू नका.

खरी परीक्षा रात्री. दुर्बीण अर्धा-पाऊण तास उघड्यावर निवू द्या. मग ध्रुवतारा धरा. तो जवळजवळ हलत नाही. राजगुरुनगरहून तो क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर दिसतो, आणि चाकणच्या दिव्यांचा उजेड आपल्या पाठीशी राहतो, हा आणखी एक फायदा. जास्त शक्तीची नेत्रिका लावून तारा मध्यावर आणा आणि किंचित अस्पष्ट करा. एकात एक वलये दिसतील. ती समकेंद्री असली तर उत्तम. एका बाजूला दाटली असतील, तर मुख्य आरशाचा स्क्रू अगदी थोडा फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा आणि पुन्हा पाहा. आणि तारा तिकोनी दिसत असेल, तर दोष जुळणीचा नाही. आरसा धरणाऱ्या पकडी फार आवळल्या आहेत. त्या इतक्या ढिल्या करा, की त्यांच्या आणि काचेच्या मध्ये पातळ कागद सरकेल.