मशीनचे भरतकाम : कापड आवळू नये यासाठी काय करावे?

अड्ड्यावर काम केलेल्या कारागिराला कापड ताणून बसवणे शिकवावे लागत नाही. दोन बाजू शिवून आणि उरलेल्या दोन बाजू दोरीने ओढून कापड चौकटीत बसवले जाते. हाताचा टाका सावकाश पडतो. धागा जास्त ओढला गेला तर बोटाला लगेच कळते आणि हात आपोआप सैल होतो. कॉम्प्युटर मशीनला मात्र बोट नसते. जे कापड, जो पेपर आणि जे डिझाइन दिले, त्यावर ती मिनिटाला शेकडो टाके घालत शेवटपर्यंत जाते. फ्रेम सुटल्यावर दिसते की फुलाभोवती चुण्या पडल्या आहेत, गोल बुट्टी लांबट झाली आहे, पानाचा भराव आणि त्याची कड यांत फट राहिली आहे.

जॉबवर्क करणाऱ्या कारखानदाराला हा दोष महागात पडतो. कापड व्यापाऱ्याचे आणि मजुरी आपली. नग नापास झाला की मजुरी बुडतेच, शिवाय कापडाची किंमतही बिलातून कापली जाते. ईदच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर तर दुसरे कापड मिळवायला वेळही नसतो. इस्त्रीने चुण्या तात्पुरत्या दबतात, पण पहिल्या धुण्यात पुन्हा वर येतात. म्हणून बंदोबस्त मशीन सुरू करण्यापूर्वीच केला पाहिजे.

कापड आवळते कशामुळे?

वरचा धागा आणि बॉबिनचा धागा एकमेकांत अडकून टाका बनतो, आणि प्रत्येक टाका कापडाला थोडे आत ओढतो. एका टाक्याची ओढ नगण्य असते, पण हजारो टाक्यांची ओढ एकत्र होते. १० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन भरायचा असून दोन ओळींत ०.४ मिलिमीटर अंतर असेल, तर २५० ओळी लागतात. टाका ४ मिलिमीटरचा धरला तर ६,२५० टाके होतात आणि वरचा धागाच सुमारे २५ मीटर बसतो. एवढा धागा पातळ जॉर्जेट एकट्याने पेलू शकत नाही.

फ्रेम : ताठ हवी, ताणलेली नको

सर्वाधिक चूक इथेच होते. फ्रेम आवळल्यावर कडा धरून कापड ओढण्याची सवय अनेकांना असते. ओढलेल्या कापडावर टाके पडतात, फ्रेम सुटल्यावर कापड मूळ मापावर येते, पण टाके येत नाहीत. परिणामी चुण्या पडतात. कापड आणि पेपर एकत्र, सपाट ठेवून फ्रेम बसवावी. स्क्रू आधीच बेताने आवळून ठेवावा. ताणा-बाणा सरळ आहे का ते पाहावे, कारण उरेब बसलेले कापड लवकर वाकते. हातफ्रेम वापरत असाल तर डिझाइन मावेल तेवढी लहान फ्रेम घ्यावी. मोठ्या फ्रेममध्ये मधले कापड झोळते.

पेपर कापड पाहून निवडावा

मागचा पेपर हा भरतकामाचा पाया आहे. सुती, घट्ट विणीच्या कापडाला फाडून काढता येणारा पेपर चालतो. होजियरी किंवा कोणतेही लवचीक कापड असेल तर मागे कायम राहणारा, कापून काढायचा पेपरच लावावा. फाडायचा पेपर सुईच्या भोकांनी मध्येच सुटतो आणि लवचीक कापड उघडे पडते. नेट, शिफॉन, ऑर्गन्झा अशा पारदर्शक कापडाला पाण्यात विरघळणारा पेपर योग्य. भराव दाट असेल तर एकाऐवजी दोन थर द्यावेत. पेपर वाचवून होणारी बचत एका नापास दुपट्ट्यात निघून जाते.

धागा, बॉबिन आणि सुई

टेन्शन जास्त असल्यास पॉलिएस्टरचा धागा ताणला जातो आणि नंतर आखडताना कापडही आखडतो. तपासणीसाठी साटीन टाक्याची एक पट्टी काढून उलटी करावी. मध्ये सुमारे एकतृतीयांश बॉबिनचा धागा आणि दोन्ही कडांना वरचा धागा दिसला तर टेन्शन ठीक आहे. फक्त वरचाच धागा दिसत असेल तर वरचे टेन्शन सैल किंवा बॉबिनचे जास्त आहे. ४० नंबरच्या धाग्याला साधारणपणे ७५/११ ची सुई पुरते. बोथट सुई कापड खाली रेटते, म्हणून ती वेळेवर बदलावी. होजियरीला गोल टोकाची सुई वापरावी. नाजूक कापडावर मशीनचा वेग कमी ठेवावा.

दोष पंचिंगमध्येही असतो

मशीन चालवणाऱ्याला दोष देण्यापूर्वी डिझाइन पाहावे. भरावाखाली आधाराचे विरळ टाके आहेत का? ते कापड आणि पेपर आधी एकत्र बांधतात. काम मधून बाहेर सरकते का? कडा आधी आणि मध्य नंतर भरला तर मधले कापड अडकून फुगते. टाके ज्या दिशेने पडतात त्या दिशेने आकार आखडतो, म्हणून पंचिंगवाल्याने त्या बाजूला आकार थोडा वाढवून द्यावा लागतो.

डिझाइन मशीनवरच लहान करणे हा आणखी एक धोका. टाक्यांची संख्या तीच राहिली तर १० सेंटिमीटरची बुट्टी ८ सेंटिमीटरची केल्यावर ०.४ चे अंतर ०.३२ मिलिमीटर होते. अशा वेळी नवे पंचिंग करून घ्यावे.

दर ठरवताना बोला

बऱ्याच ठिकाणी मजुरी हजार टाक्यांवर ठरते, त्यामुळे टाके कमी करणे जिवावर येते. वरच्याच चौकोनात अंतर ०.५ मिलिमीटर केले तर ६,२५० चे ५,००० टाके होतात आणि बिल पाचव्या हिश्शाने घटते. पण पातळ कापडाला तेच मानवते. म्हणून पेपर आणि पंचिंगचा खर्च टाक्यांच्या दरात न मिसळता वेगळा मागावा.

त्याच ताग्यातील एक तुकडा मागून घ्या. सुती माल असेल तर तो आधी धुऊन आटवला आहे का ते विचारा. नमुना काढा, फ्रेम सोडून काही तास ठेवा, धुवा, इस्त्री करा आणि मगच व्यापाऱ्याला दाखवा. पसंतीची सही आणि तारीख त्याच तुकड्यावर घ्या. पुढे वाद निघालाच, तर हा तुकडा तुमच्या बाजूने बोलेल.