ठेवावा की विकावा?

पस्तीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला अकरा वर्षांच्या नातवाने नापास करावे, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही. पण घडली खरी. आणि तिच्यातून मी जे शिकलो, ते आधीच्या पस्तीस वर्षांत शिकलो नव्हतो.

२०१५ सालच्या ऑगस्टमध्ये मी मुलीकडे इंग्लंडला गेलो. ती लेस्टरला राहते. पोहोचल्यावर चौथ्या दिवशी नातू वही घेऊन आला आणि म्हणाला, ''आजोबा, आई म्हणते तुम्हाला आकडे कळतात. मग मला एक सांगा. माहरेझला ठेवू की विकू?''

मला वाटले, हा पत्त्यांचा किंवा गोट्यांचा काही व्यवहार असावा. तो निघाला फँटसी फुटबॉल. ज्यांच्या घरात हे वारे शिरलेले नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघ वर्षभर खेळतात. प्रत्येकाचे ३८ सामने. घरबसल्या खेळणाऱ्याने या सगळ्या संघांतून आपले पंधरा खेळाडू निवडायचे. हाती कागदोपत्री दहा कोटी पौंड. प्रत्येक खेळाडूची किंमत ठरलेली. एका संघातून तिघांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. मग खरोखरच्या सामन्यात त्या खेळाडूने जे केले, त्याचे गुण आपल्याला. मधल्या फळीतल्या खेळाडूने गोल केला तर पाच, आघाडीच्याने केला तर चार, गोलला हातभार लावला तर तीन. पिवळे कार्ड मिळाले की एक गुण वजा. दर आठवड्याला एक खेळाडू फुकट बदलता येतो. त्यापलीकडच्या प्रत्येक बदलाला चार गुणांचा दंड. प्रवेश फी नाही, पैसे लावायचे नाहीत. (आपल्याकडे असे खेळ पैसे लावूनही चालत आणि त्यात घरे पोळली, २०२५ साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली. नातवाचा खेळ त्या जातीचा नव्हता, म्हणूनच मी त्यात बसलो.)

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत १९६२ साली ऑकलंडच्या काही मंडळींनी त्यांच्या तिकडच्या फुटबॉलवर असा खेळ आखला. इंग्लंडमध्ये तो १९९०च्या दशकात वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचला. प्रीमियर लीगचा स्वतःचा खेळ २००२ सालापासूनचा. तो आज जगभर लक्षावधी लोक खेळतात. पुण्या-मुंबईच्या होस्टेलांतही शनिवारी संध्याकाळी दुसरा विषय नसतो.

तर, रियाद माहरेझ. लेस्टर सिटीचा मधल्या फळीतला अल्जीरियन खेळाडू. किंमत अवघी ५५ लाख पौंड, म्हणजे बाजारातला स्वस्त माल. पण हंगामाच्या पहिल्या तीन सामन्यांत त्याने चार गोल केले होते. गावचा खेळाडू म्हणून नातवाने त्याला प्रेमापोटी घेतला आणि अचानक तो गुणांच्या यादीत वर जाऊन बसला. शाळेतला एक मित्र मात्र सांगत होता, आत्ता विक, पुढे कोणी विचारणार नाही.

मी चष्मा पुसला आणि वर्गात उभा राहतो तसा उभा राहिलो. आदल्या हंगामात माहरेझचे तीस सामन्यांत चार गोल. म्हणजे सामन्यामागे ०.१३. आता तीन सामन्यांत चार, म्हणजे सामन्यामागे १.३३. दसपट! माणूस एका उन्हाळ्यात दसपट चांगला होतो का? नाही. मग हे काय आहे? योगायोग. त्यातला एक गोल तर पेनल्टीचा. मी नातवाला फ्रान्सिस गाल्टनची गोष्ट सांगितली. १८८६ साली या इंग्रज गृहस्थाने २०५ जोडप्यांची आणि त्यांच्या ९२८ प्रौढ मुलांची उंची तपासली. फार उंच आईबापांची मुले उंच होती, पण आईबापांइतकी नव्हती. फार बुटक्यांची मुले बुटकी होती, पण तितकी नव्हती. टोकाला गेलेली गोष्ट पुढच्या खेपेला सरासरीकडे परतते.

कारण सोपे आहे. कोणतेही यश हे कौशल्य अधिक नशीब असते. यादीत सर्वांत वर जो बसलेला असतो, त्याच्या बाबतीत बहुधा दोन्ही एकत्र आलेले असतात. कौशल्य पुढच्या आठवड्यात तसेच राहते. नशिबाने राहायचे काही वचन दिलेले नसते. ''तेव्हा बाळा,'' मी म्हणालो, ''भाव चढलेला आहे तोवर विकून टाक.''

त्याने विकले. डोळ्यांत पाणी होते, पण आजोबा प्रोफेसर होते.

पुढे काय झाले ते फुटबॉलवाल्या वाचकांना ठाऊक आहेच. ५ डिसेंबरला माहरेझने स्वानसीच्या मैदानावर एकाच सामन्यात तीन गोल ठोकले. त्याचा जोडीदार जेमी वार्डी याने तर लागोपाठ अकरा सामन्यांत गोल करून विक्रम केला. हंगामाच्या सुरुवातीला सट्टेबाजांनी ज्या लेस्टरवर एकास पाच हजार असा भाव लावला होता, तो संघ मे २०१६मध्ये इंग्लंडचा विजेता झाला. माहरेझचे १७ गोल आणि फँटसीतले २४० गुण. त्या वर्षी सगळ्या खेळाडूंत सर्वाधिक. नातवाच्या संघात तो नव्हता. नातू मला काही बोलला नाही. तेच जास्त लागले.

मी पुण्याला परतल्यावर शांतपणे वही उघडली. चूक कुठे झाली?

पहिली गोष्ट, सिद्धान्त खोटा नव्हता. पहिल्या तीन सामन्यांनंतर माहरेझ ३४ सामने खेळला आणि त्यात त्याने १३ गोल केले. म्हणजे सामन्यामागे ०.३८. १.३३वरून तो खाली आलाच. पण मी गृहीत धरले होते की तो ०.१३वर येईल. तो आला त्याच्या तिप्पट उंचीवर. सरासरीकडे परततो हे खरे; पण कोणत्या सरासरीकडे, हे मी जुन्या वहीतून उचलले होते. माणूस बदलू शकतो, वाढू शकतो, त्याला नवी भूमिका मिळू शकते, ही शक्यता मी हिशेबात धरलीच नव्हती. तीन सामन्यांवरून जुना अंदाज पुसून टाकणे जितके चूक, तितकेच त्या तीन सामन्यांना शून्य किंमत देणेही चूक. नव्या माहितीने जुना अंदाज थोडा सरकवायचा असतो.

दुसरी चूक अधिक मोठी. मी प्रश्नच चुकीचा विचारला. ''हा असाच खेळत राहील का?'' हा विकण्याचा प्रश्न नव्हे. ''हा खाली आला तरी, याच पैशांत मिळणाऱ्या दुसऱ्यापेक्षा बरा असेल का?'' हा खरा प्रश्न. तुलना करायची ती ५५ लाखांना मिळणाऱ्या बाकीच्या खेळाडूंशी. हिशेबच करा. माहरेझने दर दहा लाख पौंडांमागे सुमारे ४४ गुण दिले. मोहम्मद सलाहने २०१७-१८मध्ये ३२ गोल करून ३०३ गुण मिळवले, पण त्याची सुरुवातीची किंमत ९० लाख. म्हणजे दर दहा लाखांमागे ३४. यादीत वरचा कोण, हे एक; पैशाचे चीज कोणी केले, हे दुसरे.

आता तर या खेळाडूंच्या मोजमापाची पद्धत पुष्कळ सुधारली आहे. गोल किती झाले यापेक्षा संधी किती आणि कशा मिळाल्या, हे पाहतात. प्रत्येक फटक्याला, तो कुठून मारला यावरून, गोल होण्याची शक्यता जोडतात. पेनल्टी असेल तर चारांत तीनच्या थोडे वर. लांबून मारलेला फटका असेल तर शंभरात दोन-चार. संधी कमी आणि गोल जास्त, असा खेळाडू विकावा. संधी भरपूर आणि गोल थोडे, असा घ्यावा. आणि अदलाबदलीला चार गुणांचा दंड बसत असेल, तर नवा खेळाडू जुन्यापेक्षा दर आठवड्याला एकच गुण जास्त देणार असेल तेव्हा दंड फिटायलाच चार आठवडे लागतात, हेही विसरू नये. २०१९-२०चा हा खेळ ऑक्सफर्डचा एक गणिती, जोशुआ बुल, याने जिंकला तेव्हा मला आनंद झाला आणि थोडी असूयाही वाटली.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे.

नातवाने माहरेझला विकले त्या रात्री मुलगी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. मी पुसून ठेवत होतो. ती म्हणाली, ''बाबा, सातवीची स्कॉलरशिप आठवते?'' आठवत होती. ती गुणवत्ता यादीत आली होती. शेजारपाजारचे अभिनंदनाला आले होते. ''तेव्हा तुम्ही मला म्हणालात, एका परीक्षेवरून काही ठरत नाही, पुढच्या खेपेला घसरशील, मनाची तयारी ठेव. आणि आठवीच्या सहामाहीत मी घसरलेही. तुमचं गणित बरोबर होतं, बाबा. पण मला त्या दिवशी पेढे हवे होते.''

मला काही बोलता आले नाही. पुढे नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी इस्रायलच्या हवाई दलातला एक अनुभव लिहून ठेवला आहे. तिथले प्रशिक्षक म्हणत, उत्तम उड्डाणाबद्दल शाबासकी दिली की पुढचे उड्डाण बिघडते; रागावले की सुधारते. कानेमन यांच्या ध्यानात आले की दोन्ही वेळा होते ते सरासरीकडे परतणेच. शाबासकीने बिघडत नाही आणि रागावण्याने सुधारत नाही. पण अशा रीतीने निसर्ग आईबापांना आणि मास्तरांना फसवत राहतो, आणि आपण कौतुक आखडते घेतो. हे मी वर्गात किती वेळा शिकवले होते! घरी मात्र मी त्या प्रशिक्षकांच्याच रांगेत उभा होतो.

पुढच्या हंगामाआधी नातवाचा फोन आला. माहरेझची किंमत आता पुष्कळ चढलेली. मी एवढेच म्हणालो, ''किमतीत गेल्या वर्षीचे यश आधीच धरलेले आहे. बाकी तू ठरव.'' त्याने घेतला. त्या हंगामात माहरेझचे सहाच गोल झाले, लेस्टर बाराव्या क्रमांकावर घसरले. या वेळी माझा हिशेब बरोबर होता. मी विचारले, ''वाईट वाटलं का रे?'' तो म्हणाला, ''नाही आजोबा. या वेळी तो माझ्याकडे होता.''

आज तो एकवीस वर्षांचा आहे. २०२४-२५मध्ये सलाहने ३४४ गुणांचा विक्रम केला तेव्हा त्यानेच मला फोनवर समजावले की, पुढच्या वर्षी इतके होणार नाहीत, पण प्रश्न तो नाहीच. प्रश्न त्याच पैशांत दुसरे कोण मिळते, हा. मी ''बरोबर'' म्हणालो आणि फोन ठेवून वही बंद केली.

गेल्या महिन्यात पुण्यातली धाकटी नात चाचणी परीक्षेत वर्गात पहिली आली. पुढच्या चाचणीत ती पहिली येण्याची शक्यता किती, हे मला तोंडपाठ सांगता आले असते. मी चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि अर्धा किलो पेढे घेऊन आलो. त्यातले चार वेगळे काढून ठेवले आहेत. मुलगी दिवाळीत यायची आहे. तोवर ते टिकणार नाहीत, हे मलाही कळते. ती आली की ताजे आणीन.