माऊसचा बाण सापडत नाही? चष्मा बदलण्याआधी कॉम्प्युटरची ही सेटिंग बघा

सेवा केंद्रात अर्ज भरायला गेलं की एक दृश्य हमखास दिसतं. समोर शेतकरी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला आणि ऑपरेटर माऊस नुसता गोल गोल फिरवतोय. नेट अडलेलं नसतं, वेबसाईटही सुरू असते. फक्त स्क्रीनवरचा बाण कुठं गेला तेच कळत नाही. पांढरा अर्ज, त्यावर पांढराच बाण, त्याला बारीक काळी कड आणि वरून दारातलं ऊन थेट स्क्रीनवर.

यात वेळ जातो तो जातोच, पण चूकही होते. तालुक्यातल्या गावांची यादी उघडली की नावं एकाखाली एक चिकटून असतात. बाणाचं टोक जरा खाली सरकलं तर शेजारचं गाव निवडलं जातं आणि ते कळतं अर्ज परत आल्यावर. काही अर्जांत तर 'सेव्ह'ला लागूनच 'रिसेट'चं बटण असतं. तिथं क्लिक झालं की अर्धा तास भरलेली माहिती क्षणात कोरी. नव्यानं कॉम्प्युटर शिकणाऱ्या बचत गटाच्या ताई असोत की दुकानाचा हिशोब लिहिणारे आजोबा, त्यांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. खरं तर बाण मोठा आणि ठळक करायची सोय कॉम्प्युटरमध्येच असते, तीही फुकट.

कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून धरायचं आणि यू दाबायचं. विंडोज ११ असेल तर 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'चं पान उघडतं. त्यात 'माऊस पॉइंटर अँड टच'वर जायचं. विंडोज १० मध्ये याच पानाला 'ईज ऑफ अ‍ॅक्सेस' म्हणतात आणि आत 'माऊस पॉइंटर' असतं. तिथं आकाराची एक पट्टी दिसते, १ पासून १५ पर्यंत. पट्टी सरकवली की बाण तिथल्या तिथं वाढतो. १५ म्हणजे भलताच मोठा, अर्जातल्या दोन ओळी झाकणारा. रोजच्या कामाला ३ ते ५ पुरेसा होतो.

आकारापेक्षा रंगानं जास्त फरक पडतो. पांढरा, काळा, उलटा आणि मनपसंत असे चार पर्याय असतात. उलटा म्हणजे पांढऱ्यावर काळा आणि काळ्यावर पांढरा होणारा बाण. ऐकायला भारी वाटतं, पण मधल्या राखाडी रंगावर तो जवळजवळ दिसेनासा होतो, आणि राखाडी पट्ट्या सरकारी वेबसाईटवर काही कमी नसतात. त्यापेक्षा मनपसंतमधला गडद गुलाबी किंवा भडक हिरवा घ्यावा. जुन्या विंडोज ७ वर ही पट्टी नाही. तिथं 'कंट्रोल पॅनल'मधल्या 'माऊस'मध्ये 'पॉइंटर्स' उघडून 'विंडोज ब्लॅक एक्स्ट्रा लार्ज' निवडता येतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. बाण कितीही मोठा केला तरी क्लिक होतं ते फक्त त्याच्या टोकाच्या एका ठिपक्यावर. बाकीचा बाण नुसता दिसायला. बाणाचं पोट बटणावर आहे आणि टोक बाहेर, तर काहीच होत नाही. नवीन माणूस मग चिडून चार वेळा क्लिक करतो.

त्याच 'कंट्रोल पॅनल'मधल्या 'माऊस'मध्ये 'पॉइंटर ऑप्शन्स' म्हणून एक भाग आहे. त्यातल्या सगळ्यात शेवटच्या चौकोनात टिक केली की नंतर कंट्रोलचं बटण दाबून सोडताच बाणाभोवती वर्तुळं उमटतात. बाण हरवला की माऊस फिरवत बसायला नको. शेजारीच बाणामागं शेपूट दाखवायची सोय आहे, ती फार वेळ डोळ्याला त्रास देते; नसलेलीच बरी. बोटं थरथरत असतील तर 'बटन्स'मध्ये जाऊन डबल क्लिकचा वेग कमी करावा. डावखुऱ्यांसाठी बटणांची अदलाबदलही तिथंच होते.

हे सगळं ज्याच्या लॉगिनमध्ये बदललं त्याच्यापुरतंच राहतं. कॉम्प्युटर दोघांत असेल आणि लॉगिन वेगवेगळी असतील तर दुसऱ्याला काही फरक पडत नाही.

बाण तिरका का असतो, असं पोरं विचारतात. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी लोकांसमोर माऊस चालवून दाखवला, तेव्हा बाणाचं टोक सरळ वर होतं. पुढं झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात तो तिरका झाला, कारण त्या काळच्या ढोबळ स्क्रीनवर उभा बाण नीट उमटत नव्हता. स्क्रीन सुधारल्या, बाण तसाच राहिला.

आता धोक्याचं. पोरांना साधा बाण नको असतो. तलवार पाहिजे, मोराचं पीस पाहिजे, चमकणारा सुपरहिरो पाहिजे. मग 'फ्री कर्सर' शोधलं जातं. बाणाच्या खऱ्या फाईलच्या नावाशेवटी .सीयूआर किंवा .एएनआय असतं. शेवटी .ईएक्सई असेल तर तो बाण नाही, तो प्रोग्रॅम आहे. त्यातून कॉम्प्युटरमध्ये काहीही शिरू शकतं. विंडोज नावाचं हे शेपूट सहसा लपवून ठेवते, म्हणून फसगत होते. फाईलवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये प्रकार बघूनच पुढं जावं.

ब्राऊजरमध्ये बसणारी कर्सरची एक्स्टेन्शन्स याहून जपून. बाण प्रत्येक पानावर दाखवायचा म्हणून ती सगळ्या वेबसाईटवरची माहिती वाचायची आणि बदलायची परवानगी मागतात. ज्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार नंबर, बँकेची खाती आणि पासवर्ड टाकले जातात, तिथं केवळ शोभेसाठी अशी परवानगी देणं म्हणजे घराची किल्ली ओळखदेख नसलेल्याच्या हातात देणं. आधीच बसवलं असेल तर ते काढून टाकावं. विंडोजमध्ये बदललेला बाण मूळचा हवा असेल तर 'पॉइंटर्स'मध्ये 'विंडोज डिफॉल्ट' निवडून 'अप्लाय' करावं.

घरी कॉम्प्युटर नसेल तरी बऱ्याच अँड्रॉईड फोनला ओटीजीची छोटी पिन लावून माऊस जोडता येतो. स्क्रीनवर बाण येतो आणि फोनच्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'मध्ये मोठ्या माऊस पॉइंटरचा पर्याय मिळतो. स्क्रीनला तडा जाऊन टच बंद पडलेल्या फोनमधून फोटो आणि नंबर काढून घ्यायलाही हीच युक्ती कामाला येते.