खंजनदर्शन

शरद् ऋतूचें वर्णन वर्गांत शिकवितांना 'खंजन' हा शब्द आला कीं, 'एक चंचल पक्षी' एवढाच अर्थ सांगून मी पुढील श्लोकाकडे वळत असें. तो पक्षी कोणता, हें कोणा विद्यार्थ्यानें विचारलें असतें, तर मला सांगतां आलें नसतें.

हें अज्ञान गेल्या आश्विनांत माझ्या दहा वर्षांच्या नातीनें दूर केलें. दसरा झाल्यावर एके सकाळीं ती मला पुण्याच्या पाषाण तलावावर घेऊन गेली. रामनदीवर इंग्रजी अमदानींत बांधलेल्या या तलावास आतां शहरानें वेढलें आहे. काळे वारकरी पक्षी संथपणें पोहत होते. काळ्या चोंचीच्या शेंड्याला पिवळा आणि मुळाशीं तांबडा ठिपका, म्हणून 'हळदीकुंकू' हें मंगल नांव मिळालेलीं बदकें गवताच्या कडेनें चरत होतीं. इतक्यांत एक चिमुकला काळा-पांढरा पक्षी शेपूट खालींवर हालवीत चिखलांतून तुरुतुरु धांवला.

"आजोबा, धोबी आला!" नात म्हणाली.

शेपटी आपटण्याच्या लकबीवरून लोक ज्याला धोबी किंवा परीट म्हणतात, तोच संस्कृतांतील खंजन! पावसाळ्यांत तो दिसत नाहीं, म्हणून पूर्वजांस त्याचें गूढ वाटे. तो त्या काळांत हिमालयांत व त्यापलीकडील थंड प्रदेशांत पिलें वाढवितो, हें आज आपणांस ठाऊक आहे. अवघें सुमारें २० ग्रॅम, म्हणजे दोन तोळ्यांहूनही कमी वजनाचा हा जीव एवढा प्रवास करून येतो, तो आपल्याकडील पाणथळींतले किडे टिपून हिवाळा काढण्यासाठीं.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत खंजनदर्शनावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. पक्षी प्रथम कोणत्या स्थळीं दिसला, त्यावरून त्यानें शुभाशुभ फल सांगितलें आहे. तें आठवून मीं पाहिलें, तों आमचा खंजन निर्माल्यानें फुगलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीवर जाऊन बसला होता. पलीकडे सांडपाण्यावर पोसलेल्या जलपर्णीनें पाणी झांकलें होतें.

"मग याचें फल काय?" नातीनें विचारलें.

शकुनांवर माझा विश्वास नाहीं. परंतु मला उत्तर देववेना. आमच्या देवघरांतील निर्माल्यही आजवर अशाच पिशवींतून नदीवर जात असे. घरीं आल्यावर मीं हा प्रसंग सर्वांस सांगितला. सूनबाईंनीं त्याच सायंकाळीं गच्चीवर एक जुना माठ ठेवला. आतां तीं फुलें त्यांत पडतात, आणि त्यांच्या खतावर तुळस वाढते.