एक खनिज, तीन ग्रह

नीलम घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सराफाकडे बहुधा धास्ती घेऊनच येतं. लाभला तर राजा करील, नाही लाभला तर रस्त्यावर आणील, हे त्यानं कुठंतरी ऐकलेलं असतं. म्हणून खडा आधी दोन-तीन दिवस घरी न्यायचा, उशाखाली ठेवायचा किंवा निळ्या फडक्यात गुंडाळून दंडाला बांधायचा, असा प्रघात आहे. तेवढ्यात वाईट स्वप्न पडलं, गाडी घसरली, घरात कुणाला ताप आला, की खडा परत. माणकाची किंवा पुष्कराजाची अशी परीक्षा सहसा कुणी घेत नाही. पुष्कराज तर मुलीचं लग्न जमावं म्हणून हौसेनं घेतला जातो.

तिघांचे नियमही ठरलेले. माणिक रवीचं, ते रविवारी अनामिकेत. पुष्कराज गुरूचा, तो गुरुवारी तर्जनीत. नीलम शनीचा, तो शनिवारी मधल्या बोटात. अंगठीचं कोंदण खालून उघडं हवं, खडा कातडीला टेकला पाहिजे. रवी आणि शनी बापलेक असले तरी त्यांचं पटत नाही, म्हणून माणिक आणि नीलम एकत्र घालू नयेत असंही बजावलं जातं.

खनिजशास्त्राला मात्र हे भांडण दिसतच नाही. माणिक, नीलम आणि ग्रहांच्या अंगठ्यांसाठी आज पुष्कराज म्हणून विकला जाणारा पिवळा खडा ही तिन्ही एकाच खनिजाची रूपं आहेत. ते खनिज म्हणजे कुरुंद. सुऱ्या-कात्र्यांना धार लावायला वापरतात तोच. ॲल्युमिनियमचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू या प्रमाणात त्याचा स्फटिक बांधलेला असतो. मोहस्‌च्या काठिण्यश्रेणीत हिरा १० वर, कुरुंद ९ वर. शुद्ध कुरुंदाला रंगच नसतो. म्हणजे नवरत्नांतले तीन ग्रह ज्या फरकावर उभे आहेत, तो फरक आहे भेसळीचा.

ही भेसळ किती? स्फटिकातल्या काही ॲल्युमिनियम अणूंची जागा क्रोमियमनं घेतली, तीही साधारण शंभरात एखादी, की माणिक तयार होतं. क्रोमियम प्रकाशातला जांभळा आणि हिरवा भाग शोषून घेतं, उरतो तो लाल. निळ्या रंगाची रीत वेगळी आहे. तिथं लोह आणि टायटॅनियम शेजारी-शेजारी बसावी लागतात. प्रकाश पडला की लोहाचा एक इलेक्ट्रॉन टायटॅनियमकडे उडी मारतो आणि त्या उडीसाठी प्रकाशातला पिवळा-लाल भाग खर्ची पडतो. डोळ्यांपर्यंत निळा पोचतो. त्यासाठी टक्क्याचा काही शतांश भागही पुरतो. टायटॅनियम नसेल आणि लोह एकटंच असेल, तर खडा पिवळा होऊ शकतो.

जुन्या लोकांनी हे खडे नीट पाहिले नव्हते, असं मात्र नाही. गरुडपुराणात रत्नांच्या उत्पत्तीची कथा आहे. बल नावाच्या असुराच्या शरीरातून रत्नं झाली, त्याच्या रक्ताची माणकं आणि डोळ्यांचे इंद्रनील. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत रत्नपरीक्षेवर स्वतंत्र अध्याय आहेत. चांगलं रत्न राजाला शुभ, सदोष रत्न अशुभ, हे त्यातलं सूत्र. आज वाचताना त्यात अंधश्रद्धा दिसते, पण ते दोष म्हणजे भेगा, डाग, मळकटपणा. भिंग लावून बसलेला आजचा जवाहिरी हेच शोधतो. भाव पाडणाऱ्या दोषाला त्या काळी अपशकुनाची भाषा मिळाली होती.

माणकाच्या आत विस्तव असतो आणि तो झाकून ठेवता येत नाही, ही समजूतही अशीच. म्यानमारमधल्या मोगोकची माणकं संगमरवरात घडतात आणि तिथं लोह फार कमी असतं. लोह असलं की ते ही चमक मारून टाकतं. ते नसल्यामुळे क्रोमियम सूर्यप्रकाश शोषून लाल प्रकाश स्वतःहून बाहेर टाकतं आणि खडा आतून पेटल्यासारखा दिसतो. हाच गुण हेरून थिओडोर मैमन यानं १९६० मध्ये कृत्रिम माणकाच्या कांडीतून जगातला पहिला लेसर चालवून दाखवला.

रंगावर विसंबण्यात राजेरजवाडेही फसले. ब्रिटिश राजमुकुटाच्या पुढच्या बाजूला बसवलेलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' हे माणिक नाहीच, ते स्पिनेल नावाचं खनिज आहे. 'तैमूरचं माणिक' म्हणून प्रसिद्ध असलेला, जहांगीर आणि शहाजहानची नावं कोरलेला खडाही स्पिनेलच. माणिक आणि स्पिनेल दोन्हींत लाल रंग देणारं क्रोमियम तेच, खनिज निराळं.

नीलमाच्या शापाची सर्वांत गाजलेली गोष्ट तर याहून गमतीची आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये 'दिल्ली पर्पल सफायर' नावाचा खडा आहे. १८५७च्या धामधुमीत कानपूरच्या इंद्राच्या मंदिरातून तो लुटला गेला आणि ज्याच्या हाती गेला त्याचं वाटोळं झालं, अशी त्याची कथा. एडवर्ड हेरॉन-ॲलन या विद्वान गृहस्थाकडे तो १८९० मध्ये आला. आपण तो कालव्यात फेकला, तरी तीन महिन्यांत परत आला, असं त्यानं सांगितलं आणि १९०४ मध्ये इशाऱ्याची चिठ्ठी लिहून खडा पेटीबंद केला. पण हा नीलम नव्हेच. ते ॲमेथिस्ट आहे, म्हणजे गारगोटीचीच जांभळी जात. पुढे १९२१ मध्ये हेरॉन-ॲलननं टोपणनावानं याच धर्तीची कथाही छापली. त्यामुळे शापाचं प्रकरण त्यानंच रचलं असावं, असा कयास आहे.

१९०२ मध्ये ऑग्यूस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनज्ञानं माणिक बनवण्याची कृती जाहीर केली. थोडं क्रोमियम मिसळलेली ॲल्युमिनाची बारीक पूड हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली सोडायची. दोन हजार अंशांवर ती वितळते आणि खालच्या दांड्यावर थेंबाथेंबानं साचत स्फटिक वाढतो. काही तासांत माणिक हातात. एचएमटी घड्याळाच्या तबकडीवर '१७ ज्वेल्स' असं लिहिलेलं असे, ते अशाच कृत्रिम माणकांबद्दल. चक्रांच्या आसांखाली ती बसवलेली असत. लाखो लोकांनी रवीचं रत्न मनगटावर वागवलं, आणि मुहूर्त कुणी विचारला नाही. आज महागड्या घड्याळांची काच म्हणजे रंगहीन कृत्रिम नीलमच असतो.

कृत्रिम खडा चालत नाही, अस्सलच हवा, असं यावर उत्तर मिळतं. सूक्ष्मदर्शकाखाली फरक दिसतोही. व्हर्नयच्या खड्यात वाढीच्या रेषा वाकड्या असतात, निसर्गाच्या खड्यात सरळ किंवा कोनात वळलेल्या. पण अस्सल खड्याचीही एक गंमत आहे. श्रीलंकेत 'गेउडा' नावाचे दुधट, धुरकट कुरुंद सापडतात. एकेकाळी त्यांना फारशी किंमत नव्हती. १९७०च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते दीड हजार अंशांहून जास्त तापवले. आतल्या रुटाइल या खनिजाच्या सुया विरघळल्या, त्यातलं टायटॅनियम लोहाशेजारी जाऊन बसलं आणि खडे निळेशार झाले. आज बाजारातले बहुसंख्य नीलम तापवलेलेच असतात. मग भट्टीत जाण्याआधी या खड्यात शनी होता की नव्हता?

राहिली तीन दिवसांची परीक्षा. ती न्याय्य करणं सोपं आहे. तीन सारख्या पुरचुंड्या घ्या. एकीत नीलम, दुसरीत निळी काच, तिसरीत गारगोटी. कुणीतरी तिऱ्हाइतानं त्या बांधाव्यात आणि कशात काय आहे ते आपल्याला कळू देऊ नये. प्रत्येक पुरचुंडी तीन-तीन दिवस उशाखाली ठेवा, असं पुनःपुन्हा करा आणि दिवस कसे गेले ते दर वेळी लिहून ठेवा. कुठल्याही तीन दिवसांत काहीतरी बिनसतंच. खडा उशाखाली असला की ते लक्षात राहतं, नसला की विसरलं जातं.

खडा आवडला तर जरूर घ्या, पण प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा. खडा नैसर्गिक आहे का, तापवलेला आहे का, भेगांत काही भरलंय का, एवढं त्यावर पाहा. माणकाच्या बाबतीत शेवटचा प्रश्न विसरू नका. भेगाळलेल्या माणकांत शिसं असलेली काच भरून ती चकचकीत करून विकली जातात, आणि ही काच आम्लात टिकत नाही. अशा माणकाला भीती शनीची नाही, लिंबाच्या रसाची आहे.